संततिनियमनापासून वार्धक्यापर्यंत : परळच्या प्रजनन संशोधन संस्थेची वाटचाल

परळच्या जहांगीर मेरवानजी रस्त्याच्या परिसरात आजाराशिवाय कोणी सहसा फिरकत नाही. १९२६ सालचे के. ई. एम. रुग्णालय, १९४१ सालचे टाटा मेमोरियल, वाडियांची प्रसूती आणि बालरुग्णालये, थोड्या अंतरावर हाफकिन संस्था. हातात फाईल घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला या सगळ्यांची नावे पाठ असतात. याच रस्त्यावरची आणखी एक संस्था मात्र त्याच्या लक्षात येत नाही. तिथे खाटांच्या ओळी नाहीत आणि रुग्णवाहिकांचा गजरही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ही राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘आयआरआर’ हेच नाव आहे. पाळणा लांबवण्याची साधने तपासण्यासाठी सुरू झालेला एक लहानसा विभाग पाळणा हलवण्यापर्यंत कसा आला, आणि तिथून चाळिशी-पन्नाशीनंतरच्या हाडांपर्यंत व पुरुषांच्या पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीपर्यंत कसा पोहोचला, त्याचा हा आलेख आहे.

पूर्वपीठिका

मुंबईत संततिनियमनाचा विचार सरकारी धोरणाच्या बराच आधी रुजला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली इथे संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यापायी त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले आणि लोकांच्या शिव्याही खाल्ल्या. १९४९ मध्ये मुंबईतच भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ साली याच शहरात भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून कुटुंबनियोजनाचा जागतिक महासंघ जन्मला. त्याच वर्षी भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपये ठेवले. कर्वे १९५३ मध्ये गेले. ज्या विषयासाठी त्यांनी एकट्याने समाजाशी उभा दावा मांडला होता, तो त्यांच्या हयातीतच सरकारी कागदावर आला होता.

कार्यक्रम जाहीर झाला, पण लोकांना द्यायचे काय? बाजारात जेली होत्या, फेसाळणाऱ्या गोळ्या होत्या, रबरी टोप्या होत्या. काही परदेशी होत्या, काही देशी. त्यांपैकी कोणती गुणकारी, कोणती निरुपद्रवी आणि कोणती नुसतीच महाग, हे सांगणारे कोणी नव्हते. यासाठी १९५४ मध्ये मुंबईत गर्भनिरोधक साधनांच्या चाचणीचा विभाग सुरू झाला. त्याला जागा मिळाली परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात. त्या केंद्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ होते. नवा विषय कर्करोगाच्या प्रयोगशाळेत वाढला याचा एक फायदा झाला. पेशी, ऊती आणि ग्रंथी बारकाईने पाहण्याची शिस्त त्याला आयती मिळाली.

चाचणी विभाग ते संस्था

सुरुवातीचे काम साधे होते. वीर्याच्या नमुन्यात औषध मिसळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू किती वेळात निश्चल होतात ते पाहायचे. मग साधन वापरणाऱ्या स्त्रीला त्रास होतो का, दाह होतो का, याची नोंद ठेवायची. पण साठच्या दशकात विषयाचे स्वरूपच बदलले. १९६० मध्ये अमेरिकेत संप्रेरकांच्या गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली. आता अडथळा घालण्याची जागा योनिमार्गातून मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे सरकली. पोटात घेतलेल्या स्त्रीसंप्रेरकांमुळे पीयूषिकेकडून अंडाशयाला जाणारा निरोप थांबतो आणि बीज पक्व होऊन बाहेर पडतच नाही. असे औषध सूक्ष्मदर्शकाखाली तपासून भागत नाही. त्यासाठी शरीरातला तो निरोप वाचता यायला हवा.

चाचणी विभागाचे रूपांतर आधी प्रजनन शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात झाले आणि १९७० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’ (आयआरआर) ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. डॉ. शांता एस. राव या तिच्या पहिल्या संचालक. वैद्यकीय संशोधन संस्थांच्या प्रमुखपदी स्त्रिया अपवादानेच दिसत अशा काळात, स्त्रीच्या शरीराशी थेट संबंध असलेल्या संस्थेची घडी एका स्त्रीने बसवली, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवे. औषध चांगले की वाईट एवढेच सांगून हात झटकायचे नाहीत, ते शरीरात नेमके काय करते हे शोधायचे, ही दिशा त्यांच्या काळात पक्की झाली.

मोजमापाची क्रांती

संस्थेच्या इतिहासात एखादे तंत्र नायक म्हणून उभे करायचे असेल, तर ते रेडिओइम्युनोअसे, म्हणजेच किरणोत्सारी प्रतिपिंड चाचणी. रक्तातले संप्रेरकाचे प्रमाण कल्पनेपलीकडे सूक्ष्म असते. इस्ट्रॅडिऑल हे प्रमुख स्त्रीसंप्रेरक एक मिलिलिटर रक्तद्रवात पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. बीज पक्व होण्याच्या सुमारास, जेव्हा हे संप्रेरक सर्वांत जास्त असते, तेव्हाही ते काही शे पिकोग्रॅमच भरते. जुन्या काळी असे संप्रेरक उंदराला टोचायचे आणि काही दिवसांनी त्याच्या गर्भाशयाचे किंवा अंडाशयाचे वजन किती वाढले यावरून अंदाज बांधायचा. एका स्त्रीच्या एका दिवसाच्या आकड्यासाठी कितीतरी प्राणी आणि कितीतरी दिवस खर्ची पडत.

न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाअखेरीस शोधलेल्या चाचणीने हे चित्र पालटले. यॅलोंना १९७७ मध्ये त्यासाठी नोबेल मिळाले. परळच्या प्रयोगशाळेत ही चाचणी रोजच्या कामाचा भाग झाली. ती अशी चाले : काचेच्या बारीक नळ्यांच्या ओळी मांडायच्या. प्रत्येक नळीत त्या संप्रेरकाला धरणारी प्रतिपिंडे ठरावीक आणि मोजकीच घालायची. त्यात किरणोत्सारी आयोडीन लावलेले तेच संप्रेरक ठरावीक प्रमाणात टाकायचे. मग रुग्णाच्या रक्तद्रवाचा थेंब. आता गर्दीच्या लोकलमध्ये शिरल्यासारखे दोन्ही प्रकारचे रेणू मोजक्या जागांसाठी झगडतात. रुग्णाच्या रक्तात संप्रेरक जास्त असेल, तर किरणोत्सारी रेणूंना जागा कमी मिळते. नळ्या रात्रभर शीतपेटीत ठेवायच्या, सकाळी बांधलेले आणि मोकळे रेणू वेगळे करायचे आणि गॅमा काउंटरमध्ये नळ्यांची किरणे मोजायची. ज्यांतले प्रमाण ठाऊक आहे अशा नमुन्यांच्या आलेखावर तो आकडा बसवला की रुग्णाचे प्रमाण कळते. आयोडीन-१२५ सुमारे साठ दिवसांत निम्मे होते. त्यामुळे कामाचे वेळापत्रक माणसांइतकेच त्या अणूच्या आयुष्यावरही ठरे.

पुढे संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी पदार्थाऐवजी विकर वापरणारी, रंग बदलून उत्तर देणारी एलायझा पद्धत संप्रेरकांसाठी विकसित केली. त्यात लघवीतून बाहेर पडणाऱ्या इस्ट्रोन ग्लुकुरोनाइड आणि प्रेग्नेनडायोल ग्लुकुरोनाइड या दोन घटकांच्या चाचण्या महत्त्वाच्या ठरल्या. स्त्रीला रोज सुई टोचून घ्यावी लागत नाही. घरी धरलेल्या नमुन्यांवरून बीज कधी सुटले ते ताडता येते. बीजनिर्मितीच्या उपचारांत याचा थेट उपयोग झाला. संस्थेच्या पुढच्या प्रत्येक वळणावर विषय बदलला, माणसे बदलली, पण हे मोजमाप सुटले नाही.

इनहिबिनचा पाठलाग

सत्तर-ऐंशीच्या दशकांत परळच्या प्रयोगशाळेचे नाव जगभर गेले ते इनहिबिनमुळे. शुक्रजंतू तयार होण्यासाठी पीयूषिकेतून येणारे एफएसएच लागते. टेस्टोस्टेरॉनसाठी मात्र एलएच हे वेगळे संप्रेरक काम करते. अंडकोषातून एफएसएचला आवर घालणारे काहीतरी सुटत असावे, असा तर्क १९३२ मध्ये मांडला गेला होता आणि त्या अज्ञात पदार्थाला इनहिबिन हे नाव मिळाले होते. हा पदार्थ हाती लागला तर पुरुषांसाठी गर्भनिरोधक मिळेल, पौरुष शाबूत राहील आणि फक्त शुक्रजंतू थांबतील, अशी आशा होती. डॉ. अनिल शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी वीर्यातून एफएसएच कमी करणारे पेप्टाइड वेगळे काढले. ९४ अमिनो आम्लांच्या साखळीचे हे पेप्टाइड ऐंशीच्या दशकात चर्चेचा विषय झाले.

१९८५ मध्ये जगातल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी अंडाशयातल्या द्रवातून खरे इनहिबिन शुद्ध केले. ते दोन साखळ्यांचे, कितीतरी मोठे प्रथिन निघाले. वीर्यातला ९४ अमिनो आम्लांचा पदार्थ वेगळाच होता आणि तो पुरःस्थ ग्रंथीत मोठ्या प्रमाणात तयार होत होता. जगाच्या मुख्य शर्यतीत परळची वाट इथे फुटून बाजूला गेली. एखादी संस्था अशा वेळी विषय गुंडाळून ठेवते. इथे तसे झाले नाही. पीएसपी-९४ या नावाने त्याच प्रथिनाचा अभ्यास पुढच्या पिढीने चालू ठेवला. ते शुक्रजंतूंवर काय करते, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगात ते का कमी होते, वीर्यातल्या क्रिस्प-३ या दुसऱ्या प्रथिनाशी ते कसे जोडले जाते, हे प्रश्न डॉ. स्मिता महाले यांच्या गटाने हाताळले. कॅनडात याच प्रथिनाच्या १५ अमिनो आम्लांच्या तुकड्यापासून कर्करोगाचे औषध करण्याचा प्रयत्न झाला. २००८ मध्ये मोठ्या जनुकीय पाहण्यांत या प्रथिनाच्या जनुकाजवळचा एक बदल पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या जोखमीशी जोडला गेला. तरुण पुरुषाची संतती रोखण्यासाठी शोधलेला पदार्थ शेवटी म्हाताऱ्या पुरुषाच्या आजाराचा खुणेचा दगड ठरला.

खऱ्या इनहिबिनची गोष्टही वयापाशीच येते. स्त्रीच्या अंडाशयातील बीजे कमी होऊ लागली की इनहिबिन-बी आधी घसरते. मग एफएसएचवरचा लगाम सुटतो आणि पाळी नियमित येत असतानाच ते चढू लागते. रजोनिवृत्तीची चाहूल देणारा रक्ततपासणीतला तो चढता एफएसएच म्हणजे याच तुटलेल्या संवादाची नोंद.

६ ऑगस्ट १९८६

ऐंशीच्या दशकात संस्थेची सूत्रे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्याकडे आली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांनी माकडांवर नाकात फवारून देण्याच्या संप्रेरकांचे प्रयोग केले होते. मेंदू आणि प्रजनन यांचा संबंध हा त्यांचा अभ्यासविषय. गर्भनिरोधनासाठी उभारलेल्या संस्थेत वंध्यत्वाचे काम करायचे, हा निर्णय तेव्हा सर्वांनाच पटण्यासारखा नव्हता. लोकसंख्या वाढते आहे, मग मुले होण्यासाठी सरकारी पैसा कशाला, असा प्रश्न विचारला जाई. त्याचे शास्त्रीय उत्तर सोपे होते. बीज कसे पिकते आणि कधी सुटते हे ज्याला कळते, त्याला ते थांबवताही येते आणि घडवूनही आणता येते.

समोरच्या के. ई. एम.मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होत्या. शरीराबाहेर फलन हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. रुग्णालय आणि संस्था यांनी हे काम मिळून केले. दोघांत मोजक्या मिनिटांचे अंतर, आणि ते या कामात फार मोलाचे होते. स्त्रीला संप्रेरके देऊन एकापेक्षा जास्त बीजे पिकवायची, एलएचची उसळी कधी सुरू होते यावर डोळा ठेवायचा, ती होण्याच्या बेतात असताना बीजे काढायची, प्रयोगशाळेत शुक्रजंतूंशी संयोग घडवायचा आणि काही पेशींचा झालेला गर्भ परत गर्भाशयात ठेवायचा. एलएचचा आकडा काही तास उशिरा मिळाला तर बीज सुटून गेलेले असे आणि महिनाभराची मेहनत वाया जाई. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम.मध्ये मुलगी जन्मली. शास्त्रीय नोंदींसह जगासमोर मांडलेली ती भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. ही बातमी वर्तमानपत्रांत झळकली आणि परळच्या संशोधनाला एकदम घरोघरी ओळख मिळाली.

श्रेयाची नोंद

या यशाला जोडून आलेली एक घटना संस्थेच्या इतिहासात आदराने सांगायला हवी. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर अवघ्या काही आठवड्यांनी, असाच यशस्वी प्रयोग जाहीर केला होता. तेव्हाच्या चौकशी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि त्यांना मानहानी सोसावी लागली. १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. पुढे १९९७ मध्ये आनंद कुमार यांनी मुखर्जींची टिपणे आणि कागदपत्रे स्वतः अभ्यासली. संप्रेरकांनी बीजे पिकवणे, योनिमार्गातून ती काढणे, गर्भ गोठवून नंतरच्या पाळीत ठेवणे, हे सारे मुखर्जींनी त्यात लिहून ठेवले होते. आनंद कुमार यांनी ‘करंट सायन्स’ नियतकालिकात लेख लिहून भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखर्जीच, असे जाहीर केले. ज्या मानाच्या ओळीत स्वतःचे नाव होते, ती ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या नावावर केली. इतिहासकाराला हे काम सोपे वाटेल, पण ज्याच्याकडे पहिलेपणाचा मान होता त्याच्यासाठी ते सोपे नव्हते.

संमतीचा प्रश्न

संप्रेरकांच्या संशोधनाचा इतिहास लिहिताना त्यावरचे आक्षेप गाळले तर तो अपुरा राहील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८०च्या दशकात नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या देशात ठिकठिकाणी घेतल्या. महिनोन्‌महिने शरीरात टिकणारे संप्रेरक टोचताना स्त्रीला त्याचे परिणाम नीट सांगितले जातात का, तिची संमती खरी असते का, असे प्रश्न स्त्री संघटनांनी उभे केले आणि १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. परिषदेने १९८० मध्ये मानवी संशोधनाच्या नीतीबद्दल धोरण मांडले होते. २००० मध्ये तिने सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१७ मध्ये सरकारने ‘अंतरा’ हे तिमाही इंजेक्शन राष्ट्रीय कार्यक्रमात आणले, तेव्हाही पाळीतल्या बदलांबद्दल आधी समजावून सांगण्यावर जो भर होता, त्याची मुळे या जुन्या वादांत आहेत. संशोधकांना त्यावेळी हे आक्षेप बोचले असतील, पण त्यांनी या क्षेत्राला शिस्त लावली.

गर्भनिरोधनाचे प्रयोगशाळेतले कामही चालूच राहिले. डॉ. चंदर पुरी यांच्या नेतृत्वाखाली संस्थेत बॉनेट माकडांवर प्रोजेस्टेरॉनविरोधी औषधांचा अभ्यास झाला. गर्भाशयाच्या अस्तरावर प्रोजेस्टेरॉनचा परिणाम रोखला तर गर्भ रुजणे थांबते का, आणि बीजनिर्मितीला धक्का न लावता ते साधते का, हा त्यामागचा प्रश्न. अंडाशयातल्या द्रवात एफएसएचला त्याच्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसू न देणारा घटक डॉ. तराला नांदेडकर यांच्या गटाने अभ्यासला. एफएसएच आणि त्याच्या ग्राहीचे नाते हा संस्थेचा आजही जिव्हाळ्याचा विषय आहे.

मुली, आया, आज्या

गेल्या दोन-तीन दशकांत संस्थेकडे येणारी स्त्री बदलली. पूर्वी पाळणा लांबवायचा किंवा हलवायचा म्हणून येणारी आता पाळी अनियमित म्हणून, चेहऱ्यावर केस वाढले म्हणून, हाडे दुखतात म्हणून येऊ लागली. पीसीओएस या विकारात अंडाशय आणि स्वादुपिंड या दोघांचे बिघडलेले संवाद एकत्र येतात. इन्सुलिन वाढते, पुरुषी संप्रेरके वाढतात, बीज पिकायचे अडते. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी केली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. निदानाचे रॉटरडॅम निकष लावले तर २२.५ टक्के मुलींत हा विकार आढळला, अधिक कडक निकष लावले तर १०.७ टक्के. आणखी महत्त्वाचे म्हणजे विकार असलेल्यांपैकी ७१.८ टक्के मुली स्थूल नव्हत्या. ‘जाड मुलींना होतो’ या समजाला त्याने छेद दिला. आई म्हणते, लग्न झाले की सगळे मार्गी लागेल. पण पाळी अनियमित असताना तपासणी केली, तर मधुमेहाचा धोकाही वेळेवर कळतो. डॉ. सुसान इडिक्युला-थॉमस यांच्या गटाने या विकाराशी निगडित जनुकांची माहिती एकत्र करून जगभरच्या संशोधकांना खुली केली.

दुसऱ्या टोकाला रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास जाते, पाश्चात्त्य स्त्रीची ५१ च्या आसपास. इस्ट्रोजेन हाड झिजवणाऱ्या पेशींवर वचक ठेवते. तो वचक चार-पाच वर्षे आधी जातो म्हणजे हाडांची झीज चार-पाच वर्षे आधी सुरू होते. डॉ. इक्रम खटखटे आणि डॉ. मीना देसाई यांच्या गटाने रजोनिवृत्त भारतीय स्त्रियांच्या हाडांची घनता मोजली आणि इस्ट्रोजेनच्या तसेच ड जीवनसत्त्वाच्या ग्राहींच्या जनुकांतील फरकांशी ती ताडून पाहिली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांतून दिसले, की हाड ठिसूळ होणे केवळ दूध-दह्याचा प्रश्न नाही. संप्रेरक जिथे बसते ती जागा कशी घडली आहे, यावरही ते ठरते.

आज

संस्थेचे नाव बदलत गेले. आधी ‘प्रजनन आरोग्य’ आले, मग त्यात ‘बाल आरोग्य’ही जोडले गेले. डॉ. स्मिता महाले आणि डॉ. गीतांजली सचदेवा यांच्यासारख्या संचालकांच्या काळात जनुके, प्रथिनांची रचना आणि संगणकी विश्लेषण यांनी जुन्या नळ्यांची जागा बरीच घेतली. पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत संस्थेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. तिथल्या आदिवासी पाड्यांवरच्या बाईला मुंबईच्या प्रयोगशाळेइतकाच भरवशाचा आकडा कसा मिळेल, हा आता संस्थेपुढचा प्रश्न आहे.

सत्तर वर्षांपूर्वी संस्थेला विचारलेला पहिला प्रश्न होता, हे साधन चालते का? पुढे तो झाला, हे संप्रेरक काय करते? आज तो, आपल्या माणसांच्या शरीरात, त्यांच्या त्यांच्या वयात, ते किती असायला हवे, असा आहे. विदेशी पाठ्यपुस्तकातल्या आकड्यावर भारतीय मुलीचा, आईचा किंवा आजीचा उपचार ठरू नये, यासाठी परळच्या या संस्थेकडे दीर्घकाळ साठलेले नमुने, नोंदी आणि मोजण्याची सवय आहे. येत्या काळात तिच्याकडून हेच सर्वांत मोठे काम अपेक्षित आहे, आणि ते ती करू शकते असा तिचा आजवरचा हिशेब सांगतो.